‘लॉझा’ या शब्दाविषयी

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

लिस्बनमधल्या पाट्यांवर सतत दिसणाऱ्या ‘लॉझा’ या शब्दाचा अर्थ तू विचारलास. अर्थ ‘दुकान’ एवढाच आहे. पण त्याचे कूळ इतके सुरेख आहे की ते तुला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

पोर्तुगीजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘लोझ’ म्हणजे खोपटे, आडोसा, आणि फ्रेंचांना तो मिळाला फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून. तिथले त्याचे रूप ‘लाउब्या’ असे असावे असे भाषाभ्यासक मानतात आणि त्याचे नाते झाडाच्या पाल्याशी जोडतात. आजच्या जर्मनमध्येही ‘लाउब’ म्हणजे पाला आणि त्याच कुळातला ‘लाउबे’ म्हणजे बागेतला मांडव. म्हणजे आत काय विकले जाते याच्याशी या शब्दाला मुळात काहीच देणेघेणे नव्हते. डोक्यावर छप्पर असलेली जागा, एवढेच त्याला सांगायचे होते.

हे ध्यानात घेतले की पोर्तुगीजमधले त्याचे इतर अर्थही उलगडतात. उत्तर पोर्तुगालच्या खेड्यांतल्या जुन्या दगडी घरांत माणसे माडीवर राहत आणि तळमजल्यावर गुरे, अवजारे, द्राक्षमद्याची पिंपे ठेवत. त्या तळमजल्यालाही ‘लॉझा’च म्हणतात. फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या मंडळींच्या शाखेलाही तेच नाव आहे. १९९९ पासून तिथल्या सरकारने अनेक खात्यांची कामे एका छपराखाली आणणारी केंद्रे सुरू केली, त्यांना ‘लॉझा दु सिदादांव’, म्हणजे नागरिकांची लॉझा, म्हणतात. आपल्या सेतू केंद्राशी तिचे बरेच साम्य आहे. आणि आपल्या एस.टी. स्टँडसमोरच्या पाट्यांवरचा ‘लॉज’ इंग्रजीतून आला असला, तरी तो याच फ्रेंच शब्दाचा वंशज, म्हणून लॉझाचा सख्खा चुलतभाऊ आहे.

दुकानासाठी पोर्तुगीजमध्ये ‘तेंदा’ असाही एक शब्द आहे. लॅटिनमधल्या ‘ताणणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला असून त्याचा अर्थ तंबूही होतो. जत्रेत पाल ठोकून माल मांडणाऱ्यांना तो अगदी शोभेल. कोठाराला ते ‘अर्माझें’ म्हणतात. तो अरबी ‘मख्झन’वरून आला आणि आपला ‘खजिना’ त्याच धातूचा. आपले ‘दुकान’ही अरबी-फारसी वाटेने आले. अरबीत त्याचा एक जुना अर्थ बसायचा ओटा असा आहे, म्हणजे आपला शब्द ओट्यावरून आणि त्यांचा छपरावरून; मला तर हे फार विलक्षण वाटते.

रुआ दु लोरेतु या रस्त्यावर १७८९ पासून चालू असलेले मेणबत्त्यांचे एक दुकान आहे, ते चुकवू नकोस. लाकडी कपाटांत मांडलेल्या रंगीत मेणबत्त्या तिथे बघत राहाव्यात अशा आहेत. त्याच्या नावात मात्र ‘लॉझा’ नाही, ‘काझा’ आहे, म्हणजे घर, आणि तेही जुन्या लेखनपद्धतीने लिहिलेले. तिथल्या जुन्या पेढ्यांना घर म्हणवून घेणेच अधिक आवडत असावे. तुझ्या राहत्या गल्लीतल्या पाट्यांवर कोणकोणते शब्द आहेत, ते पुढच्या पत्रात मला अवश्य कळव.

तुझा,
माधव