जावईबापू, लॅपटॉप माझ्याकडे वळवलात त्याबद्दल

प्रिय जावईबापू,

शेजारचे जावई ते आमचेही जावईच, म्हणून याच नावाने हाक मारते. गणपतीला कुडाळला आलात ते सासुरवाडीचा पाहुणचार घ्यायला, आणि एक अख्खी दुपार आमच्या पडवीत माझ्या कोकमविक्रीच्या वेबसाइटचे रिपोर्ट बघत बसलात. निघताना आभार मानायला आले तर गळा दाटून आला, शब्दच फुटेना. म्हणून हे पत्र.

तीन वर्षं एका एजन्सीला दरमहा पैसे भरले. रंगीत पीडीएफ यायची, त्यात लँडिंग पेजची, म्हणजे लोक साइटवर आधी ज्या पानावर उतरतात त्यांची, यादी आणि कीवर्डच्या, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या, रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच: 'नॉट प्रोव्हायडेड', म्हणजे माहिती दिलेली नाही. विचारलं की 'मॅडम, ते टेक्निकल आहे.' मला वाटायचं, माझ्याच साइटमध्ये काही खोट आहे. तुम्ही सांगितलंत, 2011 मध्ये गूगलने लॉगिन केलेल्यांचा शोध एन्क्रिप्ट करायला, म्हणजे सांकेतिक करून झाकायला घेतला, 2013 पर्यंत जवळजवळ सगळ्यांचाच केला. त्यामुळे माणसाने काय टाइप केलं ते ॲनालिटिक्सपर्यंत, म्हणजे साइटवरची ये-जा मोजणाऱ्या साधनापर्यंत पोचतच नाही. ते सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्याच साधनात दिसतं, तेही फुकट. दोन वाक्यांचं काम होतं हो! पैसे घेणाऱ्यांना ते तीन वर्षांत सांगावंसं वाटलं नाही, याचा राग अजून जात नाही.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. तुम्ही लॅपटॉप माझ्याकडे वळवलात आणि म्हणालात, "काकू, क्लिक तुम्हीच करा. चुकलं तरी काही मोडत नाही." आणि हाताची घडी घालून बसलात. मी दोनदा भलतीकडेच गेले, चष्मा शोधायला आत जाऊन आले, तरी तुमचा हात माउसकडे आला नाही. आजवर ज्याने त्याने मशीन माझ्या हातातून काढूनच घेतलं होतं.

आगळाच्या पानावर लोक काय शोधत येतात ती यादी मी माझ्या हाताने उघडली. सगळ्यात वर 'कोकम सरबत'. खाली 'अमृत कोकम किंमत'. 'सोलकढी' पार तळाला. आगळ म्हणजे मिठातला रस, सरबताचं ते साखरेतलं अमृत कोकम. 'तुमचं सरबत खारट आहे' म्हणून किती बाटल्या परत आल्या, फोनवर किती जणांशी मी हुज्जत घातली! माणसं गोड मागत होती, गूगल त्यांना खारटाच्या पानावर आणून सोडत होतं, आणि हे सरबताचं नव्हे असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. चूक गिऱ्हाइकाची नव्हतीच.

यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण क्लिकच्या आकड्याशी जुळेना तेव्हा मी घाबरले, हिशेबाची सवय ना. मोजक्याच लोकांनी टाइप केलेले शब्द गूगल त्यांच्या खासगीपणासाठी झाकतं, म्हणून बेरीज कमीच भरणार, हेही तुम्ही न हसता सांगितलंत. आपल्याला येतं ते दुसऱ्याला त्याचा मान राखून शिकवणारी माणसं अजून आहेत. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

त्याच संध्याकाळी पानावर पहिली ओळ घातली: 'हे आगळ आहे, सोलकढीसाठी. सरबताला अमृत कोकम घ्या.' परवा ठाण्याहून एका बाईंचा फोन आला, "दोन्ही पाठवा, कशाला काय ते कळलं."

पैसे घेतले नाहीत तुम्ही. तुमच्या सासूबाईंकडे दोन्हीची एकेक बाटली ठेवली आहे, ती तरी न्या.

तुमची,
शेजारची काकू