तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न.

त्या रविवारी तुम्ही अडीच तास माझ्याजवळ बसलात, त्याचे आभार जिन्यात भेटल्यावर घाईघाईत मानून भागणार नाही, म्हणून हे पत्र. सोसायटीतल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

खजिनदारकी माझ्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ४८ सभासदांच्या थकबाकीवर वर्षाला २१ टक्के सरळ व्याज लावायचं होतं आणि मंगळवारी ऑडिटर येणार होते. एक्सेलच्या शीटमध्ये व्याजाच्या कॉलमात आकड्यांऐवजी सूत्रंच दिसत होती, = सकट, जशीच्या तशी. गोषवाऱ्यात एकूण व्याज शून्य. फॉरमॅट ‘जनरल’ केला, तरी काही फरक नाही. शेवटी कॅल्क्युलेटर घेऊन एकेक रक्कम काढायला बसलो होतो.

तुम्ही आलात आणि माउसला हातही न लावता विचारलंत, “बाकीचे कॉलम नीट दिसतायत ना?” दिसत होते. म्हणजे एस्केपखालचं बटण कंट्रोलबरोबर चुकून दाबलं गेलेलं नाही; तसं असतं तर शीटभर सूत्रं दिसली असती. मग दुसरा प्रश्न: “डावीकडे काय आहे?”

डावीकडे होते यूपीआयचे व्यवहार क्रमांक. १२ अंकी. एक्सेल ते मधे ‘ई’ घालून आखडते दाखवायचं, म्हणून मीच तो कॉलम ‘टेक्स्ट’ केला होता, म्हणजे आत लिहिलेलं सगळं एक्सेलने नुसता मजकूर समजायचं. शेजारी व्याजाचा नवा कॉलम घातला, तेव्हा त्याने डावीकडचाच फॉरमॅट उचलला. माझं सूत्र पहिल्यापासून बरोबर होतं, हे कळल्यावर केवढा धीर आला!

‘जनरल’ करूनही का हलत नव्हतं, तेही तुम्ही दाखवलंत. फॉरमॅट बदलला, तरी आत आधी लिहिलेलं एक्सेल आपणहून पुन्हा वाचत नाही. एका सेलवर एफ टू, मग एंटर, आणि सूत्राच्या जागी ३१५ उमटले. उरलेल्या ४७ ओळींसाठी कॉलम निवडून डेटा मेनूतलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’, आणि लगेच ‘फिनिश’. आकडे भराभर उजव्या कडेला जाऊन बसले. दोन सेल तरीही हटेनात, तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ वाकलात आणि = च्या आधीची रिकामी जागा शोधून काढलीत. ती मला शंभरदा बघूनही दिसली नसती.

तुम्ही स्वतः केलं असतं, तर पाच मिनिटांत उरकलं असतं. पण प्रत्येक बटण माझ्याकडून दाबून घेतलंत. परवा सिंकिंग फंडाच्या शीटमध्ये पुन्हा तसंच झालं, तेव्हा मी आधी डावीकडचा कॉलम पाहिला आणि एकट्याने दुरुस्त केलं.

ऑडिटरांनी व्याजाचा तक्ता तपासून सही केली आहे. त्याची प्रत सोबत जोडतोय, तुम्हीही एकदा नजर टाका.

आपला,
खजिनदार