सरकारी कार्यालयातला अनुभव धरायचा कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या विधी पदवीधरांना सरकारी सेवेची वाट दाखवणारा लेख कालच्या पुरवणीत वाचला. लेख छान आहे. सोबतचा फोटो तर फारच छान. काळा कोट, हातात फाइल, चेहऱ्यावर आत्मविश्वास. 'सुरुवातीची काही वर्षं शासनात काढा, पाया पक्का होतो' हे लेखकमहाशयांचं म्हणणं मला मान्य आहे. माझा झाला. पुढे त्या पायाला कोणी विचारत नाही, एवढंच लिहायचं त्यांच्याकडून राहून गेलं, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखात सगळी परीक्षेतून मिळणारी कायम पदं आहेत. त्या जाहिराती कधी निघतात आणि निकाल कधी लागतात, ते वाचकांना ठाऊक आहे. तोपर्यंत नुकत्याच पास झालेल्या मुलामुलींच्या वाट्याला येतं ते कंत्राटी 'विधी सहायक' हे पद. मी तेच होते. नेमणूकपत्र मनुष्यबळ पुरवठादाराचं, गळ्यातलं ओळखपत्र पुरवठादाराचं, खुर्ची तेवढी सरकारी. अकरा महिन्यांचा आदेश, एक दिवसाचा खंड, पुन्हा आदेश. पूर्णवेळ पगारी नोकरी म्हटल्यावर बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करता येत नाही, म्हणून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रीतसर स्थगित करून घेतली.

काम मात्र खोटं नव्हतं. दाव्यांना परिच्छेदनिहाय अभिप्राय तयार करायचे, शपथपत्रांचे मसुदे करायचे, जिल्हा सरकारी वकिलांकडे कागद पोचवून तारखा सांभाळायच्या. कॉलेजात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० पाठ केलं होतं. शासनावर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, ती कशासाठी, हे इथे समजलं. त्या दोन महिन्यांत शासनाने विचार करावा, जमलं तर वाद तिथेच मिटवावा, अशी अपेक्षा असते. आमच्याकडे ती नोटीस बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या टेबलावर, शिक्का घ्यायची, कार्यासनाकडे (त्या विषयाच्या शाखेकडे) जायची, तिथून 'आमच्या विषयाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन दुसऱ्या कार्यासनाकडे जायची. माझ्या टेबलावर येईपर्यंत बहुधा दावा दाखल झालेला असायचा.

अशाच एका जमिनीच्या दाव्यात समन्स आलं. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची मुदत ३० दिवस, न्यायालयाने वाढवली तर ९०. मसुदा मी वेळेत करून वर पाठवला. तो परत आला. वर लाल शाईत शेरा होता : "'सविनय सादर' ऐवजी 'मान्यतेस्तव सादर' करावे." केलं. मग साहेब दौऱ्यावर. मग साहेबांची बदली. नव्या साहेबांना विषय समजून घ्यायचा होता, त्यामुळे फाइल 'चर्चा करावी' असं लिहून तशीच राहिली. शेवटी कोर्टात कैफियतीविना दावा चालवायचा आदेश झाला. तो रद्द करून घ्यायला अर्ज केला, तेव्हा कोर्टाने खर्च बसवला. त्यानंतर कारणे दाखवा नोटीस निघाली. कुणाला, हे वाचकांनी ओळखलं असेलच. पदनामासह, कार्यालयाच्या लेटरहेडवर, 'आपण कर्तव्यात कसूर केली आहे' वगैरे. माझ्या आयुष्यात मला सरकारी कर्मचारी म्हणून वागवणारा तेवढा एकच कागद.

कारण नोकरी सोडल्यावर त्याच कार्यालयाकडे अनुभवाचा दाखला मागितला, तर उत्तर मिळालं की आपण आमच्या आस्थापनेवर नव्हता, पुरवठादाराकडून घ्यावा. पुरवठादाराने दिला. त्यावर 'कुशल मनुष्यबळ' म्हणून काम केले व वर्तणूक समाधानकारक, असं लिहिलंय. वकिलीचा, कायद्याचा, कोर्टाचा उल्लेख नाही. का, तर त्यांच्या निविदेत तसा प्रवर्गच नव्हता म्हणे.

आता हे दाखवायचं कुठे? सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. २००२ मध्ये ती काढली होती, आता परत आली. अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. कोर्टाची पायरी न चढता न्यायासनावर बसू नये, हे पटण्यासारखं आहे. त्या निकालात वकील म्हणून झालेली नोंदणी तात्पुरती असली तरी त्या दिवसापासून अनुभव धरलाय. न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलंय. दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा चालतो, वर न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन, म्हणजे दुजोऱ्याची सही, लागतं. पण शासनाच्या बाजूचे मसुदे वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या कंत्राटी पोरांनी हा दाखला कुणाकडून आणायचा? सनद स्थगित असताना कोणता वकील 'ही माझ्याकडे वकिली करत होती' असं लिहून देईल, आणि का द्यावं? म्हणजे वकील म्हणून ती वर्षं गेली, आणि सरकारी सेवा म्हणून तर ती कधी नव्हतीच. मी आता एका सिनियरकडे पहिल्यापासून सुरुवात केली आहे, माझ्यापेक्षा लहान ज्युनियरांच्या रांगेत बसून. त्यांचं बरं आहे, त्यांचा एकेक दिवस मोजला जातोय.

शासनाला वकिलांची गरज नाही असं कोण म्हणेल! २०१२ साली टपाल खात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करायला झालेला ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला साफ नकार दिला होता. फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती, ही सबब यापुढे चालणार नाही, असं बजावलंही होतं. एवढं होऊनही फाइल फिरतेच आहे, आणि ती फिरताना मागे धावायला अकरा-अकरा महिन्यांची पोरं ठेवली आहेत. निदान त्यांच्या दाखल्यावर त्यांनी काय काम केलं तेवढं खरं लिहावं आणि सही कार्यालयप्रमुखाने करावी. याला पैसे लागत नाहीत.

आणि लेखाच्या शेवटी 'संधींसाठी आमची रोजगार पुरवणी पाहत राहा' असं आवाहन आहे, त्याबद्दलही दोन शब्द. पाहतो ना. विधी अधिकारी पदाची जी जाहिरात आपण मागे ठळक चौकटीत छापलीत, तिची अर्जाची मुदत अंक हातात पडायच्या आदल्या संध्याकाळी संपली होती. कळवलं होतं. उत्तर आलं नाही. लेख छापायला जागा असते, तर तारीख तपासायला एक माणूसही असावा.

नाव व पत्ता सोबत दिला आहे, पण कृपया नाव छापू नये. शेवटच्या महिन्याचे पैसे पुरवठादाराकडे अजून अडकले आहेत.

आपली,
एक वाचक (आणि पुन्हा नव्याने ज्युनियर)