सायकली वाटण्याआधी

फिलाडेल्फिया

प्रिय दादा,

आईला आणि वहिनींना नमस्कार सांग.

तालमीच्या उरलेल्या वर्गणीतनं आपल्या कोल्हापुरात राजेंद्रनगरातल्या पोरांना नव्या सायकली वाटायच्या, असं तू फोनवर म्हणालास. बेत झकास आहे. फक्त पाहुण्यांच्या हस्ते वाटप, हार, फोटो आणि सहा महिन्यांत ट्यूब गेली म्हणून सायकल भिंतीला, असं व्हायला नको.

इथं २०१५ पासून 'इंडेगो'च्या निळ्या सायकली भाड्यानं मिळतात. आपल्याकडे पूर्वी दुकानातनं तासावर मिळायच्या तशाच, फक्त दुकानदार नाही. स्टँडवरून आपणच सोडवायची. पण क्रेडिट कार्ड पाहिजे म्हटलं की गरीब माणूस तिथंच अडतो. म्हणून यांनी रोख पैसे भरायची सोय ठेवली. सरकारी मदतीचं कार्ड असेल (आपलं रेशन कार्ड समज), तर महिन्याचा पास ५ डॉलरला. तेच कार्ड पुरतं. आपल्याकडे उत्पन्नाचा दाखला काढण्यातच माणसाची हजेरी बुडते, तेव्हा तुम्ही तरी कागद मागू नका.

तुझ्या कामाची खरी गोष्ट वेस्ट फिलाडेल्फियातली. 'नेबरहुड बाइक वर्क्स' ही संस्था लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली घेते. पोरं तिथं पंक्चर, ब्रेक, चेन, चाकाचा आऊट काढणं असं सगळं शिकतात, आणि शिकून झालं की सायकल त्यांची. मग बिघडली तरी अडत नाही, स्वतःच उघडून बसतात.

ताराबाई पार्कातल्या अपार्टमेंटांच्या पार्किंगमध्ये किती गिअरच्या सायकली धूळ खात पडल्यात, बघ जरा. पोराला गाडी घेतली की सायकल कोपऱ्यात. त्या मागून आणा. उद्यमनगरात लेथवर काय काय घडवणारी माणसं आहेत. रविवारी दोन तास तालमीत येऊन शिकवायला कुणीतरी तयार होईलच. वर्गणी ट्यूब-टायरमध्ये घाला.

नव्या वाटूच नयेत असं नाही. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि हायस्कूलला जाणाऱ्या मुली वाढल्या. पण तिथं शाळाच लांब होत्या.

आणि फक्त पोरांनाच का? आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी चार घरं पायी फिरतात. साडीवर चालवता येईल अशी, मधे दांडी नसलेली एखादी ठेवा. शिकवायला बाईच हवी, तीही पहाटे, मैदानावर बघे जमायच्या आत. वहिनींना विचार, त्या नाही म्हणायच्या नाहीत.

पाहुणे बोलवायचेच असतील तर बोलवा बापडे. पण त्यांच्याकडनं आधी एक जुनी सायकल मागून घ्या. घरी पडलेली असणारच.

तुझा,
धाकटा