एमजीबीच्या व्ही८ इंजेक्शन किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: १९७२ची एमजीबी जीटी, रोव्हर ३.९ व्ही८ इंजेक्शन किट. किट परत घेऊन पूर्ण पैसे परत करण्याबाबत.

महोदय,

आत्ताच तुमच्या मदत-क्रमांकावरचा फोन ठेवला. पलीकडचा माणूस मराठीत बोलत होता, तेव्हा मराठीत आलेली तक्रार वाचायला भोसरीच्या कार्यालयाला अडचण नसावी. गाडी, म्हणजे एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंग्लंडमध्ये आहे. किट तुम्हीच बनवलं आहे, तरी एका ओळीत: या गाडीत रोव्हरचं ३.९ लिटरचं व्ही८ इंजिन कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनवर चालवण्याचं.

सगळ्यात आधी आगीचा धोका. पुस्तिकेच्या इंधनाच्या प्रकरणात तुम्ही छापलं आहे: ‘टाकीला परतीचं तोंड नसल्यास रेग्युलेटरची परतीची नळी बूच मारून बंद करावी.’ रेग्युलेटर म्हणजे पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा भाग. एमजीबीच्या टाकीला परतीचं तोंड नसतंच. कार्ब्युरेटरच्या गाडीला ते लागत नाही. जुन्या कार्ब्युरेटरबरोबरचा एसयू कंपनीचा पंप तीनेक पीएसआय दाबाने पेट्रोल ढकलतो आणि कार्ब्युरेटरची वाटी भरून फ्लोटची सुई बसली की थांबतो. इंजेक्शनचा पंप थांबत नाही. तो गरजेपेक्षा जास्त पेट्रोल रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, आणत राहतो आणि अडीच बारवरचं (साधारण ३६ पीएसआय) सगळं रेग्युलेटर परतीच्या नळीने टाकीत सोडतो. ती वाट बंद केली की रेग्युलेटर नुसता शोभेला. दाब चढत चढत पंपाच्या आतल्या रिलीफ व्हॉल्व्हपर्यंत जातो. इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकाला, लुकास १४ सीयूएक्स ईसीयूला, दाब मोजता येत नाही. अडीच बार गृहीत धरूनच तो इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. त्यामुळे तेवढ्याच वेळात दीडपट पेट्रोल आत जातं, प्लग ओले होतात आणि मागून काळा धूर निघतो. रेलवर गेज लावला तेव्हा काटा पाच बारच्या पुढे होता.

आता त्या दाबावर तुम्ही दिलेली रबरी नळी बघा. तिच्यावर ‘आर६’ असा शिक्का आहे. ही कार्ब्युरेटरसाठीची, कमी दाबाची नळी. इंजेक्शनला आर९ लागते, जी १०० पीएसआय (जवळपास सात बार) सहन करते आणि जिचं आतलं अस्तर इथेनॉलला दाद देत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून पंपावर साधं पेट्रोल म्हणून ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, मिळतं, हे इथे किट विकणाऱ्याला माहीत असायला हवं. वर क्लिपा दिल्या त्या स्क्रूच्या, खाचा असलेल्या. त्या घट्ट केल्या की खाचांमधून रबर कापलं जातं. आणि ही सगळी व्यवस्था नेली कुठून, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरून! धक्का बसल्यावर पंप बंद करणारा इनर्शिया स्विच यादीत आहे, खोक्यात नाही.

टाकीला आठ मिलिमीटरचं तोंड वेल्ड करणं, किंवा लिटर-दीड लिटरचा स्वर्ल पॉट, म्हणजे पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून ठेवलेला छोटा साठा, देणं, असे दोन सरळ मार्ग होते. स्वर्ल पॉट असता तर बरंच होतं. या टाकीत आडवे पडदे नाहीत. पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेलं की लांब वळणावर ते एका बाजूला सरतं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरची फ्लोट-वाटी ते झाकून घेत होती, इंजेक्शन क्षणात धक्का देतं. स्वर्ल पॉट दिला तरी त्याच्या माथ्यावरून टाकीकडे परतीची नळी लागतेच, एवढं पुढच्या आवृत्तीत लिहा.

यानंतर ट्यून रेझिस्टर, म्हणजे पेट्रोलचं कुठलं कोष्टक (मॅप) वापरायचं ते ईसीयूला सांगणारा भाग. तुम्ही पांढरा दिला आहे, ३.९ किलोओहमचा. तो कॅटलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीचा मॅप निवडतो, म्हणजे ईसीयू दोन्ही बाजूंच्या लॅम्डा सेन्सरांची, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्यांची, वाट बघत बसतो. किटमध्ये लॅम्डा सेन्सर नाहीत, तुमच्या हेडरना (एक्झॉस्टच्या नळ्यांना) ते बसवायला आट्याची तोंडंसुद्धा नाहीत. साहजिकच ईसीयू बिघाडाचे कोड ४४ आणि ४५ दाखवतो. इथे ४७० ओहमचा हिरवा हवा. भाग काही पैशांचा आहे! वेगाचा सेन्सरही नाही, म्हणून कोड ६८. गाडी थांबते आहे हे ईसीयूला कळत नाही, स्टेपर मोटर आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, सांभाळत नाही आणि प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद पडतं.

हे सगळं, कोडसकट, आज फोनवर सांगितलं. पुढचं संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, तरी लिहून ठेवतो.

“सर, गाडी सकाळी सुरू होते का?” होते. “मग बंद कधी पडते?” सिग्नलला, आत्ताच सांगितलं. “चोक पूर्ण ओढताय ना?” या इंजिनाला चोक नाही, इंजेक्शन आहे, तुमचंच किट आहे. “बरोबर आहे सर, पण तिकडे थंडी असते, चोक ओढल्याशिवाय त्रास होणारच.” मी पुन्हा सांगितलं की चोक नाही. “म्हणजे चोकची केबल तुटली आहे का?” मग त्याने सीनियरला विचारतो म्हणून सनई लावून दिली. सनई बरीच वाजली. परत येऊन म्हणाला, “सीनियरशी बोललो सर. कार्ब्युरेटर एकदा उतरवून साफ करून घ्या. आणि तिथल्या एखाद्या जाणकार मेकॅनिकला दाखवा.”

तुमच्या खोक्यावर ‘कार्ब्युरेटरला रामराम’ असं ठळक छापलं आहे. तुमच्या सीनियरने निदान खोकं तरी वाचावं. फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज आला की तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली असून कृपया पाच तारे द्यावेत.

बॉनेटबद्दल थोडक्यात. जाहिरातीत ‘बॉनेट न कापता’ म्हटलं आहे. प्लेनम, म्हणजे इंजिनावरची हवेची पेटी, बॉनेटला टेकतो. १९७३च्या एमजीबी जीटी व्ही८मध्ये खुद्द कारखान्याने कार्ब्युरेटर इंजिनाच्या मागच्या बाजूला सरकवले ते याच कारणाने, आणि १९९२च्या एमजी आरव्ही८ला इंजेक्शन दिलं तेव्हा बॉनेटलाच फुगवटा दिला. इंजिन खाली बसवावं तर संप (तळाची ऑइलची पेटी) गाडीच्या आडव्या तुळईवर, क्रॉसमेंबरवर, येतो. ट्रम्पेटचा (प्लेनममधल्या हवेच्या नळ्यांचा) पाया आणि प्लेनम कापून उंची कमी करता येते, पण ते काम विकणाऱ्याचं आहे. इंजिन धरणारे माउंटही नंतरच्या, रबर बंपरच्या एमजीबीचे आले. १९७४च्या अखेरीपासूनच्या बॉडीला ते बोल्टने बसतात, माझ्यासारख्या आधीच्या, क्रोम बंपरच्या गाडीत कापून वेल्ड करावं लागतं. ऑर्डरमध्ये चेसिस क्रमांक होता.

तुमचीच एसयूची दुरुस्ती किट चांगली असतात. सुया, जेट, गास्केट सगळं मापात. त्या कामावर विश्वास ठेवून ही ऑर्डर दिली होती. तीच कंपनी इंजेक्शनला आर६ नळी देते हे अजून पटत नाही. पुन्हा लिहितो: आर६.

किट परत न्या, न्यायचा खर्च तुमचा, पैसे पूर्ण परत करा. पुस्तिकेतलं ते वाक्य रद्द करून हे किट घेतलेल्या प्रत्येकाला लेखी कळवा. माझ्या पैशांपेक्षा हे आधी करा. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही आणि कामाला योग्य नाही, म्हणून ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याखाली ही मागणी आहे. पैसे क्रेडिट कार्डाने दिले आहेत. तुम्ही ऐकलं नाहीत तर १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५नुसार कार्ड कंपनीकडे दावा जाईल आणि नळीचा तुकडा ट्रेडिंग स्टँडर्ड्स या तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे. उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

कळावे.
एक ग्राहक

सोबत:
शिक्का दिसेल असा नळीचा तुकडा
पुस्तिकेच्या त्या पानाची प्रत
रेलवरच्या गेजचा फोटो
पांढरा रेझिस्टर (मूळ)