फौजेतली बोली पण छापा ना

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात फौजी लोकांवर काही आलं की शौर्य, सीमा, वीरजवान एवढंच असतं, ते आपसात बोलतात कसं ते कधीच येत नाही. माझा धाकटा भाऊ सुट्टीवर आलाय. परवा सकाळी स्वयंपाकघरात डोकावून म्हणतो, 'लंगरमध्ये आज काय?' माय कळण्याची भाकरी थापत होती, ती म्हणे, 'काय बोलस तू, गुरुद्वारा शे का आठे?' आता तिला कोण सांगणार की पलटणीत जवान कुठल्याही धर्माचा असो, स्वयंपाकघर म्हणजे लंगरच, आणि तिथून सुटलेली अफवा म्हणजे लंगर गप, सुट्टी बंद होणार, युनिट हलणार वगैरे (निम्मं खोटं निघतं म्हणे). पाठीवरची बॅग पिट्टू, हत्यारांची खोली कोत, सगळ्यांनी मिळून जेवायचं ते बडा खाना, आणि चुकलं की मिळणारी शिक्षा म्हणजे रगडा.

मला भारी वाटलं ते 'हुकमदर'. रात्री संतरी अंधारात कोणी दिसलं की 'थम, हुकमदर' ओरडतो, मला वाटायचं हुकूमबिकूम असेल, तर ते इंग्रजांच्या काळातलं 'हू कम्स देअर' घासून घासून तसं झालंय! काल मी उशिरा घरी आलो तर ओट्यावरच्या खाटेवरून तोच आवाज, शेजारचं कुत्रं अर्धा तास भुंकत होतं.

आपल्या धुळे-जळगावकडं रिटायर फौजी कमी नाहीत, रविवारी अर्धा कॉलम द्या त्यांना. पहिला मजकूर भावाकडून लिहून घेतो, फक्त लवकर कळवा, त्याची सुट्टी २० तारखेला संपतेय.

– एक वाचक, चाळीसगाव