माळ्यावरच्या कॉम्प्युटरमधले फोटो

आइंडहोवन,
रविवार संध्याकाळ

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार, आईला नमस्कार.

पत्रास कारण, माळ्यावरचा बंद पडलेला कॉम्प्युटर. फोनवर निम्मं बोलणं आईच्या मिक्सरमध्ये गेलं, म्हणून सगळं सविस्तर लिहूनच पाठवतोय. ओम्याला मोठ्याने वाचायला सांगा. दादाचा मुलगा असला तरी हात माझ्यासारखा आहे त्याचा, शिवाय काम त्यालाच करायचंय.

पहिली गोष्ट, तो डबा दुकानात पाठवू नका. ‘फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, चालू होईल’ असं दुकानदार म्हणाला ना? तो खोटं बोलत नाहीये. मशीन चालू होईलही. पण आपल्याला मशीन चालू करायचंच नाही. आपल्याला फोटो हवेत, आणि फॉरमॅट मारून वर नवीन विंडोज टाकलं की नेमकी त्यांच्याच जागेवर नवी माहिती बसू लागते. गिऱ्हाईक ‘चालू करून द्या’ म्हणतं, दुकानदार चालू करून देतो. त्याला दोष नाही. प्रश्नच चुकीचा विचारला जातो.

दादाला वाटतं मी उगाच ताणतोय. त्याला आठवण करून द्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागातलं आपलं खालचं कपाट बुडालं आणि त्यातच सगळे अल्बम होते. आई, तू ते गच्चीवर वाळत घातले होतेस. पानं सोडवायला गेलं की चेहऱ्यांचा थर प्लास्टिकला चिकटून निघून यायचा, कागद पांढरा राहायचा. आजीचा नऊवारीतला फोटो, आत्याचं लग्न, भावे नाट्यमंदिरात मेकअप पुसत बसलेले नाना, सगळं त्यात गेलं. पण पुराच्या कितीतरी आधी एका दिवाळीच्या सुट्टीत दादानेच ते अल्बम एकेक करून स्कॅन केले होते. तेव्हा आपण त्याला हसलो होतो. ती स्कॅन केलेली प्रत फक्त माळ्यावर आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आता मशीनला काय झालंय ते. बाबा, तुम्ही सांगितलंत की पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, स्क्रीन काळी राहते आणि आतून लांब पीं… पीं… वाजत राहतं. तसं वाजणं बहुतेक वेळा रॅमचं, म्हणजे तात्पुरत्या स्मरणाच्या पट्टीचं असतं. पट्टी सैल झाली असेल किंवा तिच्या सोनेरी दातांवर काळं चढलं असेल. दुकानात ते खोडरबराने पुसून परत बसवतात आणि पुष्कळदा चालतंही. किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर गेले असतील. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटर बसवलेले बोर्ड जगभर विकले गेले होते. ओम्याने झाकण काढल्यावर बघावं, छोट्या उभ्या नळकांड्यांची डोकी फुगलेली असतील किंवा तपकिरी ओघळ आला असेल तर तेच कारण. पण ही नुसती माहिती म्हणून. रॅम काय, कपॅसिटर काय, यातलं काहीही बिघडलं तरी फोटो तिथं नसतात. फोटो हार्ड डिस्कमध्ये असतात, आणि ती वेगळी डबी आहे, चार स्क्रू काढले की हातात येते.

हे मी इथं डोळ्यांनी पाहिलं. नेदरलँड्समध्ये ‘रिपेअर कॅफे’ म्हणून प्रकार आहे. मार्टीन पोस्टमा नावाच्या बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये अॅमस्टरडॅमला पहिला भरवला, आता तो देशोदेशी पोचलाय. मोहल्ल्याच्या सभागृहात शनिवारी टेबलं मांडतात, लोक बिघडलेला टोस्टर, रेडिओ, शिलाई मशीन घेऊन येतात. वस्तू ठेवून जायची नाही, दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी बसायचं. कॉफी मिळते आणि तिच्यासोबत एक बिस्किट. एकच, डबा लगेच बंद होतो. आईला हे पटणार नाही.

मी माझा पुण्याचा कॉलेजातला लॅपटॉप घेऊन गेलो होतो, तो बरीच वर्षं निपचित पडला होता. टेबलापलीकडे फिलिप्समधून निवृत्त झालेले एक आजोबा. त्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलं, ‘तुला हा चालायला हवाय, की यातलं काही हवंय?’ मी म्हटलं, फोटो. मग त्यांनी बटणाला हातही लावला नाही. उलटा केला, स्क्रू काढले, डिस्क ओढून बाहेर घेतली, एका छोट्या अॅडॅप्टरला जोडून यूएसबीची वायर आपल्या कॉम्प्युटरात खोचली. कॉफी संपायच्या आत पडद्यावर सिंहगडावरची आमची टोळी.

आपला डेस्कटॉप जुना, म्हणून थोडा फरक आहे. ओम्या, नीट वाच. आधी प्लग भिंतीतून काढ, मग चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धर म्हणजे उरलेला करंट जाईल. माळ्याची धूळ ब्रशने झाड, फुंकर मारू नकोस, थुंकी जाते. डिस्कला रुंद, चपटी, करड्या रंगाची पट्टी जोडलेली असेल तर ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीची जोडणी, बोटाएवढी अरुंद वायर असेल तर साटा, म्हणजे नंतरची. आपली बहुधा आयडीई निघेल. मागचा चार पिनांचा पॉवरचा प्लग घट्ट असतो. वायरी ओढायच्या नाहीत, प्लास्टिक धरून हलवत हलवत काढायचा. डिस्कच्या लेबलचा फोटो मला पाठव, मग अॅडॅप्टर कोणता ते मी सांगतो. एवढं आत्ताच लक्षात ठेव, डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते नुसत्या यूएसबीतून मिळत नाहीत, तेव्हा सोबत वेगळा पॉवर अॅडॅप्टर येतो तोच संच घ्यायचा. आणि आयडीई असेल तर मागचा चिमुकला जंपर (पिनांवर बसवलेली टोपी) ‘मास्टर’वर आहे का बघ, लेबलवर आकृती छापलेली असते.

डिस्कचं स्वतःचं झाकण मात्र कुणीही उघडायचं नाही. बाबा, हे तुम्हाला सांगतोय. घड्याळं उघडायची सवय तुम्हाला आहे. आत तबकडीवरून वाचणारं टोक काही नॅनोमीटरच्या अंतराने तरंगत असतं. आपल्या घरातली धूळ त्या फटीपुढे धोंड्यासारखी.

जोडल्यावर आधी कान लावायचा. बारीक घरघर आली तर ठीक. टक्… टक्… असा ठरावीक ठोका आला, तर त्याच क्षणी पॉवर काढायची आणि परत लावून बघायचं नाही. प्रत्येक वेळी तबकडीवर ओरखडा पडू शकतो. तसं झालं तर ती डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये द्यावी लागेल. खर्च बराच येतो, म्हणून पैसे किती आणि काही निघालं नाही तर किती, हे आधी लिहून घ्यायचं. कुणीतरी ‘फ्रीजरमध्ये ठेवा, चालते’ असंही सांगेल. ठेवू नका. बाहेर काढली की आत दव धरतं.

डिस्क दिसायला लागली आणि विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं, तर ‘कॅन्सल’. जुन्या डिस्कची मांडणी त्याला वाचता आली नाही की ते असं विचारतं, आणि लोक सवयीने ‘हो’ दाबतात. तसं आलं तर मला फोन कर. डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं डीडीरेस्क्यू आणि त्या प्रतीतून फोटो हुडकणारं फोटोरेक, दोन्ही फुकट आहेत. आपण पडद्यासमोर बसून एकत्र करू. वाचवलेलं मात्र त्याच डिस्कवर परत ठेवायचं नसतं, हे आत्ताच पाठ कर.

बहुधा तिथवर वेळ येणार नाही. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये दादाच्या नावाचा फोल्डर आहे, त्यात ‘माय डॉक्युमेंट्स’, त्यात ‘माय पिक्चर्स’. ‘परवानगी नाही’ म्हणाला तर ‘कंटिन्यू’ दाब आणि धीर धर. तरी अडला तर पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) घेऊन लॅपटॉप त्यावर चालू करायचा. तिथं ‘ट्राय’ निवडायचं, ‘इन्स्टॉल’ नाही. उबुंटू आपल्या जुन्या विंडोज एक्सपीच्या कुलपाला विचारत बसत नाही. डेस्कटॉपचा फोल्डर आणि डी ड्राइव्हही बघ. दादाची ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’ ही परंपरा तेव्हाचीच आहे. आधी सगळं उचलायचं, मग बघत बसायचं. आत्या शेजारी बसली की पहिल्याच फोटोला दोन तास जातात.

तारखांवर विश्वास ठेवू नका. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनची तारीख असते, लग्नाची नाही. म्हणून आत्याला बसवून कोण कोण आहे ते लिहून घ्याच, पण कॉपी झाल्यावर. मागच्या रांगेतल्या लोकांची नावं आता तिच्याशिवाय कुणाला येत नाहीत. दादाने फोल्डरला दिलेली नावं बदलू नका.

मग तीन प्रती. एक ओम्याच्या लॅपटॉपवर, एक वेगळ्या पोर्टेबल डिस्कवर, आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर. खालच्या कपाटात ठेवलीत तर मी बोलणार नाही. तिसरी माझ्याकडे. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने हा हिशेब लोकप्रिय केला: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. या देशाची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, पण आइंडहोवन उंचावर आहे, आणि कृष्णेला नि इथल्या नदीला एकाच दिवशी पूर यायचा नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो ते बारीक करून टाकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा गूगल ड्राइव्हवर चढवा. फुकटात १५ जीबी मिळतात, स्कॅन केलेले अल्बम त्यात मावतील.

सगळं झालं की रॅमला खोडरबर लावून मशीन चालू करायचा खेळ ओम्याने खुशाल खेळावा. तेव्हा बिघडलं तरी बिघडू दे.

बाकी इथं ठीक. थंडी सुरू झाली. आई, भडंगाचं पाकीट पोचलं, ऑफिसात एका दुपारीत संपलं.

आत्याला नमस्कार, ओम्याला आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
धाकटा

ता. क. नानांनी टाइप केलेली घराण्याची वंशावळ त्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये. आताच्या लॅपटॉपवर उघडलीत तर ती उलटीसुलटी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसेल आणि कुणाला वाटेल फाइल सडली. सडलेली नाही. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. तेव्हा ती पुसू नका, आणि ओम्या, फोटोंबरोबर सी ड्राइव्हमधल्या विंडोजमधला ‘फाँट्स’ फोल्डरही अख्खा उचल.